आवडीची वही : कामाच्या नोंदी

८ जून

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते, पुढे फाटे फुटणारच आहेत. पुस्तकं, सिनेमे आणि संगीत यांतलं जे मनापासून आवडतं त्याची वही करायची. यादी माझ्याकडे आधीपासून आहे, लांबलचक आहे आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नाही. नुसती नावं. मैत्रिणीला पाठवली तर ती म्हणाली, "ही कुणाचीही असू शकते गं."

वहीत प्रत्येक कृतीला एक पान. वर नाव आणि साल, खाली 'जागा' असा रकाना. मी नेमकी जिथे अडकते ते ठिकाण त्यात लिहायचं: पुस्तकातला परिच्छेद, सिनेमातला प्रसंग, गाण्यातली ओळ. 'अप्रतिम', 'काळजाला हात घालणारं', 'अविस्मरणीय' हे शब्द बाद. मिळालेले पुरस्कारही बाद. पुन्हा वाचल्या-बघितल्या-ऐकल्याशिवाय पान भरायचं नाही.

१० जून

यादीला कात्री लागली. बऱ्याच नावांपुढे जागा सांगता येईना. त्या कृतींबद्दल आठवतं ते भलतंच: तेव्हा कुणाशी बोलणं चालू होतं, कोणतं वय होतं, कोण काय म्हणालं होतं. एका कादंबरीचं तर मला फक्त मुखपृष्ठ आठवतंय, आणि तिच्या बाजूने मी वर्षानुवर्षं लोकांशी भांडत आलेय. असली नावं पेन्सिलीने मागच्या पानावर. पुन्हा वाचून टिकली तर पुढे येतील.

१५ जून : पथेर पांचाली (१९५५)

पहिलं पान सत्यजित राय यांना. जागा शोधावी लागली नाही.

हरिहर फार दिवसांनी घरी येतो. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो. मुलगी दुर्गा मागे वारली हे त्याला माहीत नाही. सर्वजया गप्प आहे. मग तिच्या हातात दुर्गासाठी आणलेली साडी येते आणि तिचा बांध फुटतो. तोंड उघडलेलं दिसतं, अंग हलतं, पण रडणं ऐकूच येत नाही. त्या जागी येतात ते तारशहनाईचे वरच्या पट्टीतले सूर. तारशहनाई म्हणजे इसराजला कर्णा जोडलेलं वाद्य, गजाने वाजवायचं. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर, संगीत रविशंकर यांचं.

पडद्यावर कुणी रडायला लागलं की व्हायोलिनं सुरू होतात, हे आपण इतकं पाहिलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. तिथे संगीत रडण्याला टेकू देतं. इथे रायनी रडणं काढूनच टाकलं. बाईंचा आवाज ठेवला असता तर ते दुःख एका आईचं राहिलं असतं, आणि आपण तिच्याकडे बघत बसलो असतो. तो आवाज गेला की बघणाऱ्याला सुटका नाही, स्वतःकडचा एखादा आवाज त्या उघड्या तोंडात भरावा लागतो. मला तरी भरावा लागला.

या सिनेमाबद्दल 'गरिबीचं दर्शन' असं लिहिणाऱ्यांनी तो बघितलाय की त्याच्याविषयीचं ऐकून लिहिलंय, अशी मला दाट शंका आहे.

२१ जून : रणांगण (१९३९)

विश्राम बेडेकरांनी कादंबरी ही एवढीच लिहिली. छोटी आहे, एका बैठकीत होते. युरोपातून निघालेलं जहाज, जहाजावर जर्मनीतून जीव मुठीत घेऊन बाहेर पडलेले ज्यू, त्यांतली हर्टा, आणि चक्रधर. त्यांच्या प्रेमाला प्रवासाएवढीच मुदत. मुंबई आली की तो उतरणार आणि जहाज तिला घेऊन पुढे जाणार.

छापल्याचं साल पुन्हा बघा. दुसरं महायुद्ध ज्या वर्षी पेटलं तेच. छळछावण्यांचं पुढे काय झालं ते बेडेकरांना लिहिताना माहीत असणं शक्य नव्हतं. मला माहीत आहे. त्यामुळे डेकवरचे साधे संवाद, कुणी कुणाची केलेली थट्टा, एखाद्या लहान पोराचा हट्ट, हे वाचताना मी लेखकापेक्षा जास्त घाबरलेली असते. असा वाचनाचा अनुभव मला दुसऱ्या मराठी कादंबरीने दिलेला नाही. युद्ध संपल्यावर हीच गोष्ट लिहिली असती तर हातात आलेलं सगळं भरण्याचा मोह कुणाला आवरला असता?

जागा: बंदर जवळ येतंय ती पानं. त्यापुढचं वहीत लिहीत नाही. मैत्रिणीने अजून वाचलेली नाही.

२८ जून : अब्दुल करीम खाँ, 'पिया बिन नाही आवत चैन'

राग झिंझोटी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू. दहा इंची तबकडीवर मिनिटं मावायची तीन, ताणून सव्वातीन. मैफलीत एकाच रागात तासभर रमणाऱ्या गवयाला ही अट म्हणजे छळ वाटला असेल असं आपण धरून चालतो. पण ऐकताना घाई कुठे दिसत नाही. 'नाही आवत' हे शब्द खाँसाहेब पुन्हा पुन्हा घेतात, दर वेळी वेगळ्या वळणाने, आणि तरीही पुढे बराच वेळ शिल्लक असल्यासारखे गातात. हे कसं जमवलं असेल याचा विचार करत मी तेच पुन्हा लावत राहिले.

जागा: तेच 'नाही आवत'. तक्रारीचा सूर नाही. ज्याची सवय झालीय अशा दुखण्याबद्दल माणूस बोलतो तसा.

जाता जाता: तबकड्यांच्या सुरुवातीच्या काळात गाणं संपल्यावर कलाकार आपलं नाव सांगत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, त्यात त्या शेवटी इंग्रजीतून स्वतःचं नाव ठणकावून सांगतात. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. कोण गातंय हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही सोय. मला तो शेवट गाण्याइतकाच आवडतो. काय ऐट आहे!

२९ जून

कालचंच गाणं दोन प्रतींतून ऐकलं. एक जशीच्या तशी, खरखरीसकट. दुसरी 'स्वच्छ केलेली'. स्वच्छ प्रतीत खरखर नाही, आणि खाँसाहेबही जरा लांब जाऊन बसलेत. खरखरीचा बराच भाग वरच्या कंप्रतांमध्ये, म्हणजे बारीक आवाजाच्या पट्टीत, असतो आणि आवाजाची धार, श्वास, व्यंजनं हीसुद्धा तिथेच राहतात. चाळणी जोरात लावली की दोन्ही जातात. वहीत खरखरीची प्रत नोंदवली. हेडफोनवर दहा सेकंदांनी ती खरखर ऐकू येणंच बंद होतं.

६ जुलै : स्मृतिचित्रे (१९३४ पासून भागांत)

मैत्रीण म्हणाली, "आतापर्यंत सगळं रडकंच आहे तुझं." म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र.

यात दुःख कमी नाही. कवी असलेला नवरा, शीघ्रकोपी, न सांगता घरातून निघून जाणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला आणि बाईंचं आयुष्य मधोमध तुटलं. पाच वर्षांनी त्यांनीही तीच वाट धरली, पण स्वतःच्या विचाराने. एवढ्या ऐवजावर दुसऱ्या कुणी तीनशे पानं हुंदके दिले असते. बाई हसवतात. आणि हसवता हसवता नवऱ्याला एकदाही सोडत नाहीत, त्याच्यावरची माया एकदाही लपवत नाहीत.

जागा सांगायची तर ती कुठल्या प्रसंगात नाही. पुस्तकभर त्या नवऱ्याला 'टिळक' म्हणतात, त्यात आहे. टिळक निघाले, टिळक रागावले, टिळकांनी असं केलं. शेजारच्या माणसाची गंमत सांगावी तसा तो माणूस हातभर लांब उभा केला, आणि तेवढ्या अंतरात सगळा विनोद मावला. वाक्यं बोलण्यातली आहेत, क्रियापदावर संपून मोकळी होणारी. माझ्या मते मराठी गद्यात एवढी धीट बाई नाही, आणि बाप्येही मोजकेच. अभ्यासक्रमात तिच्यातले तुकडे लावून आपण तिचं फार नुकसान केलंय. तुकड्यात ती गोड म्हातारी वाटते.

१२ जुलै

पानं शेजारी शेजारी ठेवली. राय रडणं काढून टाकतात. बेडेकर एका प्रवासात गोष्ट संपवतात. खाँसाहेब तीन मिनिटांत घाई करत नाहीत. लक्ष्मीबाई हुंदका गिळून विनोद करतात. मला आवरतं घेणारे लोक आवडतात, असं दिसतंय. वहीला नाव द्यायचा मोह झाला: 'हात राखून'.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं. तिचा एकच प्रश्न: "मग 'कोसला'चं काय करणार आहेस?"

१९ जुलै : कोसला (१९६३)

नेमाडे. पंचविशीतलं पुस्तक. पांडुरंग सांगवीकर काही आवरत नाही. बोलतो, बडबडतो, टिंगल करतो, याद्या करतो, स्वतःच्या बोलण्याला कंटाळतो आणि तरीही बोलत राहतो. पहिल्या वाचनात मी या बडबडीवर लट्टू होते. आता वसतिगृहाचा भाग मला लांबलेला वाटतो, आणि मेसचे हिशेब, संमेलनं, मित्रांच्या टवाळ्या यांतली निम्मी गंमत पुढच्या इतक्या लेखकांनी उचलली की मूळ वाचतानाच उसनी वाटायला लागते. दोष नेमाड्यांचा नाही. भोगावं मात्र त्यांना लागतं.

जागा: मनीचा मृत्यू. लहान बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि तोपर्यंत सगळ्याची खिल्ली उडवणारा हा मुलगा भान सुटल्यासारखा बोलू लागतो. आवरणं तर सोडाच, दुःखाचा हिशेब तो पिढ्यांपर्यंत नेतो. राय ज्या ठिकाणी आवाज बंद करतात त्याच ठिकाणी हा आवाज फोडतो. आणि मला दोन्ही तितकंच पटतं.

तेव्हा 'हात राखून' हे नाव खोडलं.

एक मात्र दिसलं. पांडुरंगची आधीची बडबड कापली तर मनीचं पान एवढं लागणार नाही. शंभर पानं ज्याने कशालाच गंभीरपणे घेतलं नाही त्याच्या तोंडून ते येतं, म्हणून लागतं. म्हणजे वसतिगृहाचा भाग लांबलेला आहे हे माझं मत ठेवते, आणि तो कापू नये हेही.

२ ऑगस्ट : गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, ग्लेन गूल्ड (१९५५ आणि १९८१)

बाखची रचना १७४१ साली छापली गेली. एक आरिया म्हणजे मूळ धून, तिच्यावर तीस आवर्तनं म्हणजे त्याच पायावरची वेगवेगळी रूपं, शेवटी पुन्हा तीच आरिया. पियानोवादक गूल्डने ती बाविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केली आणि एका रात्रीत म्हणावं तसा प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये तीच पुन्हा वाजवली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला, पन्नाशी नुकतीच गाठून.

जुनी अडतीस-एक मिनिटांत संपते, नवी एक्कावन्नच्या आसपास. लोक हा फरक सांगून 'तारुण्याचा वेग आणि वयाचं शहाणपण' असं लिहितात. त्यात थोडी फसगत आहे. जुन्यात त्याने पुनरावृत्त्या घेतल्याच नव्हत्या, नव्यात काही घेतल्या, म्हणून थोडी मिनिटं तिथेच वाढली. खरा फरक ऐकायचा तर नुसती सुरुवातीची आरिया घ्यावी. पुनरावृत्ती दोन्हीकडे नाही, आणि तरी आधी जी दोन मिनिटांच्या आत आटपते ती नंतर तीन मिनिटांच्या पुढे जाते.

माझं मत चारचौघांना पटणार नाही: आरिया नवी चांगली, आवर्तनं जुनी. नव्यात तो प्रत्येक आवर्तनाचा वेग आधीच्याशी हिशेबाने बांधतो, आणि तो हिशेब मला ऐकू येतो. जुन्यात गडी सुटलेला आहे. कुठल्या आवर्तनानंतर किती थांबावं हेसुद्धा त्याला ठरवायचं नाही.

जागा: नव्या आरियात मागून ऐकू येणारं त्याचं गुणगुणणं. तंत्रज्ञ वैतागायचे म्हणे. मला ते हवं असतं.

१० ऑगस्ट

पाहुणे. काम नाही.

१६ ऑगस्ट : टोकियो स्टोरी (१९५३)

यासुजिरो ओझू. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला जातात, मुलांना वेळ नसतो, विधवा सुनेला असतो. गोष्ट एवढीच. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली, आणि जवळपास कधीच न हलणारा. पहिली वीस मिनिटं बसायला त्रास होतो हे खरंच सांगायला हवं. 'मास्टरपीस आहे' म्हणून जबरदस्तीने दाखवायचा हा सिनेमा नाही.

वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. सत्तरीचा माणूस त्यांनी नुसत्या पाठीच्या बाकातून आणि हुंकारातून उभा केलाय.

जागा: पहाटे आई जाते. वडील घरात नाहीत. सून शोधत बाहेर येते तर ते एकटे उभे. ते तिला म्हणतात की पहाट सुरेख होती, आज पुन्हा उकाडा होणार. आणि तिच्याबरोबर घराकडे वळतात.

हे वाक्य 'संयमाचा कळस' म्हणून फार नावाजलं जातं. मला त्यात संयम दिसत नाही. माणूस खरंच पहाट बघत होता. बायको गेल्यावर तासाभरात पहाट छान दिसू शकते, आणि ते बोलून दाखवायला समोर हीच सून आहे, पोटची मुलं नाहीत. ती नसती तर तो बोललाच नसता. माझ्यासाठी सगळा सिनेमा त्या 'कुणाला सांगितलं' यात आहे.

२३ ऑगस्ट : कोर्ट (२०१४)

चैतन्य ताम्हाणे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला: तुमचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. सिनेमाभर कॅमेरा लांब उभा राहतो आणि आपल्याला कुणाकडे बघायचं ते सांगत नाही. न्यायालयात एका कोपऱ्यात खटला चाललाय आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणी फाइली चाळतंय, दोघांना सारखीच जागा.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, पडदा काळा. कुणीही दिग्दर्शक इथे नामावली सुरू करेल. ताम्हाणे करत नाही. काळोख बराच वेळ ठेवतो आणि मग आपल्याला थेट न्यायाधीशांच्या सहलीला नेतो. नातेवाईक, गप्पा, खेळ. शेवटी साहेब बाकावर पेंगताहेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, एकाच्या कानाखाली बसते, आणि साहेब पुन्हा पेंगायला लागतात.

'काळ्या पडद्यावर संपवायला हवा होता' हे मी अनेकांकडून ऐकलंय. नाही. तिथे संपला असता तर आपण व्यवस्थेवर उसासा टाकून, जरा समाधानीच, उठलो असतो. काळोख हा सोयीचा शेवट आहे, त्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही. त्यानंतरचा सहलीचा भाग चेहरा दाखवतो, तोही राक्षसाचा नाही; कुणाच्याही काकांचा. आपण ज्यांच्या शेजारी बसून गप्पा मारू अशांचा.

म्हणजे आवरतं घेतल्याने मला काही आवडतं असंही नाही. इथे न थांबल्यामुळे आवडलंय.

२४ ऑगस्ट

मैत्रीण: "तू थिअरी सोड. पानं भर."

३१ ऑगस्ट : कुमार गंधर्व, 'उड जाएगा हंस अकेला'

कुमारांना क्षय झाला, ते १९४८ च्या सुमारास देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं बंद होतं. पुढे गायला लागले तेव्हा छोट्या छोट्या झेपा, मध्ये मोकळी जागा, असं ते गाणं. आजाराने दमसास गेला म्हणून ही शैली आली, असा खुलासा सर्रास दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. फुप्फुसं फार तर तान किती लांबेल ते ठरवतील. तान कुठे सोडून द्यायची आणि मागे तंबोऱ्याला किती वेळ एकटं ठेवायचं, हे डोकं ठरवतं. दमसास कमी असलेले गवई पुष्कळ झाले असतील, कुमार एकच.

जागा: 'उड जाएगा' पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि 'हंस' यायला उशीर करतात. हंस म्हणजे जीव; काय उडून जाणार ते आपल्याला माहीत असतं. तरी थांबावं लागतं.

७ सप्टेंबर : ऋतुचक्र (१९५६)

दुर्गा भागवत. बारा महिने, बारा लेख. जागा सापडत नाही. 'अख्खं पुस्तक हीच जागा' ही पळवाट आहे, ती घ्यायची नाही. कुठलंही पान उघडलं तरी सारखीच चांगली आहे अशी कृती या रकान्यात बसतच नाही, आणि दोष माझ्या रकान्याचा आहे, बाईंचा नाही. तूर्त लिहिलंय: 'ज्या महिन्यात वाचाल तो लेख सोडून बाकीचे अकरा.' चालू महिना खिडकीतून दिसतो, त्याला पुस्तक लागत नाही. हे मैत्रिणीला अजिबात पटलेलं नाही. तिच्या मते उलटं.

१४ सप्टेंबर

तिने वही घरी नेली होती, आज परत आली. पथेर पांचालीच्या पानावर पेन्सिलीने लिहून आलंय: "तारशहनाई ठीक. पण खरी जागा माळेची." दुर्गाने चोरलेली माळ तिच्यामागे धाकट्या भावाला, अपूला सापडते आणि तो ती कुणालाही न दाखवता तळ्यात फेकतो. तिचं म्हणणं, आई ऐकू न येणारं का होईना पण रडते तरी. पोराला बहिणीची अब्रू राखायचं काम करावं लागतं. युक्तिवाद बिनतोड आहे. माझी जागा मी बदलणार नाही.

प्रत्येक पानावर दुसऱ्या माणसासाठी अर्धा रकाना आखायचा. आधीच्या पानांवर जागा उरलेली नाही, तिथे चिठ्ठी चिकटवावी लागेल.

बाकी राहिलेलं: मागच्या पानावरची पेन्सिलीतली नावं. मुखपृष्ठवाली कादंबरी आणून ठेवलीय, तिची चाळीस पानं झाली, आणि ती टिकेल असं वाटत नाही. अमीर खाँनी गायलेला मारवा राग. त्यावर आमचं दोघींचं कधीच जमत नाही, तिला तो थांबलेला वाटतो. येत्या रविवारी संध्याकाळी दोघींनी मिळून ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही, आणि आपापली जागा वेगवेगळ्या कागदावर लिहायची असं ठरलंय.